गणपूर्तीअभावी

अनुराधानं आधी स्वल्पविराम दुरुस्त केला आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण दुरुस्त केलेल्या वाक्यात आपलीच नोकरी चालली आहे. वाक्य इंग्रजी होतं, लांबलचक होतं, आणि लंडनच्या कुणीतरी घाईघाईत लिहिल्यामुळे स्वल्पविराम नको तिथे पडला होता. तो तिनं उचलून जागेवर ठेवला. मग पुढचं वाचलं: साधकबाधक चर्चेअंती कंपनी सेक्रेटरीचा विभाग बंद करण्याचे ठरले, पदे एक. त्या विभागात गेली नऊ वर्षं आणि नऊ महिने ती एकटीच बसत होती. ‘एक’ हा आकडा अक्षरी लिहायचा की अंकी, यावर तिनं थोडा विचारसुद्धा केला. आपण हा विचार करतो आहोत हे कळल्यावर तिला स्वतःचा असा राग आला, की समोरचा गार झालेला चहा ती एका दमात पिऊन गेली. मंगळवार होता, मार्च महिन्याचा. फिलिप रनूफ, म्हणजे तिचा साहेब, दुपारी तपकिरी लिफाफा टेबलावर ठेवून म्हणाला होता, “गुरुवारच्या बोर्ड मीटिंगचे मिनिट्स. कॉन्फिडेन्शियल आहे. बाकी नेहमीसारखं.” त्यानं स्वतः आतला कागद शेवटपर्यंत वाचला नसणार. मिनिट्स कुणीच वाचत नाही, हे अनुराधाइतकं कुणाला ठाऊक असणार?

नेहमीसारखं म्हणजे मीटिंगच्या आधी. जर्सी हे बेट नऊ मैल लांब आणि पाच मैल रुंद, फ्रान्सला चिकटलेलं, राणी मात्र इंग्लंडची. बटाटे, गायी आणि बँका एवढ्यावर ते जगत होतं, आणि त्यातही खरं पाहता बँकांवरच. जगभरच्या कंपन्या इथे नुसत्या पत्त्यापुरत्या राहत. या कंपन्यांचे निर्णय लंडनमध्ये नव्हे, इथेच होतात, असं दाखवता आलं तरच लंडनचा कर चुकायचा. त्यासाठी सभा बेटावर भरायला हव्यात, माणसं देहानं हजर हवीत, आणि तसं कागदावर हवं. तो कागद अनुराधा करायची. सभा गुरुवारी असली की मिनिट्स मंगळवारी तयार, “चर्चा झाली”, “आक्षेप नव्हता”, “सर्वानुमते ठरले” सगळं जागच्या जागी. मग गुरुवारी माणसं विमानानं यायची, बिस्किटं खायची, सही करून परत जायची. नऊ वर्षं ती न झालेल्या चर्चा लिहीत आली होती, आणि तिच्या इंग्रजीचं सगळ्यांना कौतुक होतं. आज पहिल्यांदा त्या न झालेल्या चर्चेत ती स्वतः होती. आपल्याबद्दल कुणी काय बोललं असेल हे तिला जाणून घ्यावंसं वाटलं, पण कुणी काही बोललंच नव्हतं. ते तिलाच लिहायचं होतं.

नोकऱ्या जाणाऱ्यांच्या यादीत एकूण दहा पदं होती, दहावं तिचं. रिसेप्शनवरची, पोर्तुगालच्या मदेरा बेटाची मारिया, संगणकवाला सतीश, बाकीचे सगळे. पण अनुराधाचं एक वेगळं दुखणं होतं, आणि ते तारखेचं होतं. या बेटावर बाहेरच्या माणसाला घर मिळतं ते नोकरीच्या बळावर. मालकानं ‘हा माणूस आम्हाला अत्यावश्यक आहे’ असं लिहून दिलं, की भाड्यानं घर घ्यायचा परवाना मिळतो. नोकरी गेली की परवाना गेला, परवाना गेला की घर गेलं. मात्र सलग दहा वर्षं झाली की माणूस बेटाचा होतो. मग नोकरी असो नसो, कुणी त्याला घरातून हलवू शकत नाही. बेटावरची माणसं याला ‘क्वाली’ म्हणतात आणि लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा क्वाली आहे का, हे आधी विचारतात. अनुराधाची दहा वर्षं बावीस जूनला भरत होती. ठराव एकोणीस मार्चला. नोटीस तीन महिन्यांची. तीन महिने म्हणजे एकोणीस जून. यात हिशेब असा काही नव्हताच, बोटं मोजायचीसुद्धा गरज नव्हती. तीन दिवस कमी पडत होते. कुणी मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. पण लंडनमधल्या ज्या कुणी ही तारीख धरली, त्याला अनुराधा नावाची बाई आहे हेच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ती समुद्राच्या कडेनं घरी गेली. ओहोटी होती. इथली ओहोटी म्हणजे थट्टा नाही, चाळीस फूट पाणी उतरतं आणि सकाळी जिथे समुद्र होता तिथे संध्याकाळी माणसं कुत्री फिरवतात. पहिल्या वर्षी तिला त्याची भीती वाटायची. एवढं पाणी गेलं कुठे, आणि परत आलंच नाही तर? नवरा, पद्माकर, हसायचा. तो गणिताचा मास्तर, त्यानं वहीत चंद्र काढून दाखवला होता. तिला तेव्हा पटलं नव्हतं आणि आज तर मुळीच पटलं नाही. घरात वरदा पास्ता खात फोनवर बोलत होती. फोन न ठेवताच म्हणाली, “आई, उद्या माझा रिहर्सल आहे, लेट होईल. आणि तू माझा शर्ट धुतली का?” तीन वर्षांची असताना आलेली पोर, आता तेरा संपत आलेली. मराठी बोलते तेव्हा लिंगांची धूळधाण, पण ओहोटीची वेळ घड्याळ न बघता सांगते. समोरच्या खडकांना तिनं लहानपणी नावं ठेवली होती, आणि अजून ती त्यांना त्याच नावांनी ओळखते. पद्माकरनं विचारलं, “काय गं, तोंड का उतरलंय? ऑफिसमध्ये काही झालं का?” ती म्हणाली, “छे रे. क्वार्टर-एंडची गडबड, तिमाही संपतेय.” नऊ वर्षांची सवय होती. लिफाफ्यातलं लिफाफ्यातच राहायचं. पण भांडी विसळताना तिला लंडनजवळच्या इल्फर्डची ती खोली दिसत होती, श्रीकांतभावजींकडची, जिला तिथे बॉक्सरूम म्हणतात आणि जिच्यात पलंग टाकला की दार अर्धंच उघडतं. जर्सीची नोकरी लागण्याआधी आठ महिने ते तिघं त्या खोलीत होते. भावजींनी कधी एका शब्दानं दुखावलं नव्हतं, जाऊबाईंनी रोज गरम पोळी वाढली होती, आणि तरी तिथे शिंक आली तर ती उशीत दाबायची. परत तिथे जायचं या कल्पनेनं तिचे हात साबणाच्या पाण्यात थांबून राहिले.

बुधवारी सतीश कॉफीचा कप घेऊन तिच्या टेबलापाशी रेंगाळला. नागपूरचा, तिशीतला, तोंडानं बडबड्या आणि मनानं हळवा. “अनुराधाताई, काही न्यूज आहे का? आइसलँडच्या बँका बुडाल्यापासून सगळे कसे हळूच दारं लावून बोलतात. मला तर टॉयलेटमध्ये पण रिडन्डन्सीचा वास येतो, कुणाची तरी नोकरी जाणार.” ती म्हणाली, “मला काय माहीत?” सतीशचं नाव तिनं स्वतः टाइप केलं होतं, पाचव्या ओळीत. तो गेल्यावर तिला वाटलं, हे काय करतोय आपण? एका माणसाची मान कापली जाणार, ते आपल्याला ठाऊक, आणि आपण शुद्धलेखन तपासतो आहोत. मग वाटलं, दोन माणसांची. सबंध दुपार ती मसुद्याकडे बघत बसली. मसुदा अप्रतिम झाला होता. कुणीही सही केली असती.

गुरुवारी सकाळी पडदा सरकवला तर बाहेर काहीच नव्हतं. समुद्र नाही, रस्ता नाही, समोरचा दिव्याचा खांब नाही. वसंतात इथे असं धुकं येतं, मऊ, ओलं, कापसाच्या गादीसारखं दाराशी येऊन बसतं आणि मग विमानतळ दिवसभर मुका. तिनं ते पाहिलं आणि तिच्या मनात एक इतकी हलकट आशा हलली, की तिनं पडदा परत ओढून घेतला. वरदा रेडिओ लावून म्हणाली, “सगळी फ्लाइट्स कॅन्सल.” अनुराधानं पर्स उचलली. रस्त्यानं चालताना धुक्यातून लाटांचा आवाज येत होता, पण पाणी कुठे आहे ते कळत नव्हतं. आपल्याला काय पाहिजे आहे हे तिला आता स्वच्छ ठाऊक होतं, फक्त त्याला काही आधार आहे का, ते ठाऊक नव्हतं.

सभेच्या खोलीत दोघंच होते. फिलिप रनूफ, आणि मिस्टर पिनेल, बेटावरचे म्हातारे वकील, जे इतक्या कंपन्यांचे डायरेक्टर होते की सगळ्यांची नावं त्यांना आठवत नसत. नऊ वर्षांत अनुराधानं त्यांच्या तोंडून “मान्य” याखेरीज काही ऐकलं नव्हतं. लंडनचे दोघं तिथल्या गॅटविक विमानतळावर अडकलेले. गणपूर्तीला तिघं लागत. फिलिप घड्याळ बघून म्हणाला, “अर्धा तास थांबू.” अर्धा तास! अनुराधाला एकदम सांगली आठवली, विश्रामबागेतल्या सोसायटीची गच्ची, सतरंजी, आणि रजिस्टर मांडीवर घेऊन बसलेले अण्णा. तिचे वडील अठरा वर्षं त्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. सभेला कधी माणसं पुरी यायची नाहीत, आणि दर वेळी अण्णा गंभीरपणे लिहायचे: गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात आली व नंतर त्याच ठिकाणी घेण्यात आली. त्या अर्ध्या तासात चहा व्हायचा. मग जे असतील ते चार-पाच जण टाकीपासून जिन्याच्या दिव्यापर्यंत सगळं ठरवून मोकळे. पण अण्णा सभेच्या आधी एक ओळ लिहायचे नाहीत. आधीच्या सभेचं इतिवृत्त वाचताना कुलकर्णीकाका उठून भांडायचे, “मी ओरडलो नाही, मोठ्यानं बोललो!” आणि अण्णा शांतपणे ‘ओरडले’ खोडून ‘मोठ्यानं बोलले’ करायचे. कुणी त्यांना एकदा म्हणालं, सेक्रेटरी, जरा सांभाळून लिहा. तर म्हणाले, जे झालं नाही ते लिहायला मी काय कादंबरीकार आहे? अकरा वर्षांची अनुराधा तेव्हा सतरंजीच्या कडेला बसून पेन्सिलीनं तेच लिहायची, अण्णांसारखं.

म्हणजे अर्धा तास, मग जे आहेत ते दोघं, आणि खेळ खलास. हे गृहीत धरून ती दहा मिनिटं नुसती बसली. सांगलीचा नियम तिच्या हाडांत इतका मुरला होता, की जगात दुसरा काही नियम असू शकतो हे तिला सुचेचना. आणि मग तिच्या छातीत काहीतरी धाडकन आपटलं. इथे असं नाही! या कंपनीच्या नियमांची प्रत तिनं स्वतः टाइप केली होती, दोनदा. कलम एकवीस. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब, ती पुढच्या आठवड्यात, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी. नव्यानं सभा बोलवायची म्हटली तरी नोटीस सात दिवसांची. आणि युनायटेड किंग्डममधून फोनवर बोलणारा माणूस हजर धरायचा नाही. सव्वीस मार्च. सव्वीस जून. तिला घशाशी हसू आलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. पिनेलसाहेबांनी तिच्याकडे पाहून पाण्याचा जग पुढे सरकवला.

फिलिपनं फोन लावला. खोलीत लंडनचा जाड आवाज घुमला, मागे विमानतळाची घोषणा ऐकू येत होती. “चला, उरकून टाकू,” आवाज म्हणाला. फिलिप म्हणाला, “अनु, चौघंही हजर असं लिहून टाक आणि पुढे चल.”

“नाही,” अनुराधा म्हणाली.

हा शब्द तिनं या खोलीत कधी उच्चारला नव्हता. तो बाहेर पडल्यावर तिला आपला आवाज अण्णांसारखा वाटला, जरा नाकातला.

“म्हणजे?”

“फिलिप, गॅटविक जर्सीत नाही.”

फिलिप हसला. वाईट माणूस नव्हता तो. “मागच्या महिन्यात लंडनला बर्फ पडला, तेव्हा कुठे होतं?”

“तेव्हाही नव्हतं. तेव्हा मी खोटं लिहिलं. त्याच्याआधी तीनदा लिहिलं. आज नाही लिहिणार. कलम एकवीसप्रमाणे सभा तहकूब. पुढच्या गुरुवारी, याच वेळी, इथेच.”

फिलिपनं आता समोरचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. शेवटच्या ठरावावर त्याची नजर थांबली, आणि त्याच्या गोऱ्या कानांच्या पाळ्या लाल होत गेल्या. तो हळूच म्हणाला, “अनु, ही दहावी ओळ... तुझ्या लक्षात... हे तुझ्या क्वालीसाठी आहे का?”

आणि इथे तिला एक क्षण मोह झाला. नाही म्हणणं सोपं होतं. तत्त्वाचा प्रश्न आहे, असं म्हटलं असतं तर किती शोभलं असतं. नऊ वर्षं खपवून घेतलेलं खोटं आजच का टोचलं, हे तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर लाजिरवाणं होतं, आणि तिला त्याची लाज वाटेना. स्वतःच्या पोरीच्या डोक्यावरचं छप्पर टिकवायला आपण खरं बोलतो आहोत. मग काय झालं? एरवी त्याच छपरासाठी खोटंच बोलत होतो की.

“हो, त्यासाठीच,” ती म्हणाली. “आणि शिवाय चौघं हजर हे खोटं आहे. दोन्ही कारणं.”

फोनमधून आवाज आला, “ही बाई कोण आहे?”

पिनेलसाहेब खुर्चीतून सावकाश पुढे झुकले, फोनजवळ तोंड नेलं आणि खड्या आवाजात म्हणाले, “या खोलीत हजर असलेली बाई.” मग फिलिपकडे वळून, “ती बरोबर सांगते आहे. लंडनमध्ये बसूनच निर्णय घ्यायचे तर या बेटाची गरज काय? आपलं अर्धं सेंट हेलियर गाव याच एका वाक्यावर जेवतं. तहकूब कर, फिलिप.” एवढं बोलून ते पुन्हा मागे टेकले. आपण काही विशेष केलं असं त्यांच्या चेहऱ्यावर मुळीच नव्हतं.

त्या दिवशीचे मिनिट्स अनुराधानं सभा संपल्यावर लिहिले. चारच ओळी होत्या. हजर दोन, गणपूर्ती नाही, सभा तहकूब, पुढील तारीख सव्वीस मार्च. लिहिताना तिला भूक लागली होती, दोन दिवसांची. संध्याकाळी तिनं लिफाफ्याचा नियम पहिल्यांदा मोडला आणि पद्माकरला सगळं सांगितलं. तो गणिताचा मास्तर, पण त्यानं कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर पसरलं आणि तीन वेळा बोटानं मोजलं. “पण नोकरी तर जाणारच ना?” “जाणारच.” “मग तू हसतेस काय अशी?” तिला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि ती पडली. वरदा दारात येऊन “ई, स्टॉप इट” म्हणून निघून गेली.

पुढच्या गुरुवारी आकाश निरभ्र होतं आणि चौघंही देहानं हजर होते. ठराव पास झाला. पण सेक्रेटरी या वेळी कोरा कागद घेऊन बसली होती, आणि कोण काय बोलतो ते उतरवून घेत होती, त्यामुळे माणसांना बोलावं लागलं. पिनेलसाहेब अकरा मिनिटं विरोधात बोलले. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं ‘सर्वानुमते’ऐवजी ‘तीन विरुद्ध एक’ असं लिहिलं, आणि त्यांचा आक्षेप शब्दाशब्दानं. सतीशला तिनं त्याच दुपारी स्वतः जाऊन सांगितलं, पत्र हातात पडायच्या आधी. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, “थँक यू ताई, बाकी सगळे तर ईमेलनंच मारतात.” मे महिन्यात त्याला ब्रिस्टलला काम मिळालं. मारिया मदेराला परत गेली. तिच्यासाठी अनुराधापाशी कुठलंही कलम नव्हतं, आणि हे तिला लागून राहिलं.

बावीस जूनला, सोमवारी, ती घरांचे परवाने देणाऱ्या हाउसिंगच्या कचेरीत रांगेत उभी होती. काउंटरवरच्या बाईनं चष्मा नाकावर घेत कागद उलटसुलट केले, जुन्या तारखा तपासल्या, कुठेतरी फोन केला. इतक्या वर्षांत तिनं किती कागद केले होते, पण दुसऱ्याच्या हातातल्या कागदाची अशी भीती तिला ठाऊक नव्हती.

“सध्या नोकरी?” बाईनं विचारलं.

“आहे. शुक्रवारपर्यंत.”

बाईनं मान वर केली.

“त्यानं आता काही फरक पडत नाही,” बाई म्हणाली, आणि शिक्का मारला. “आता तुम्ही इथल्याच. पुढचा कोण?”

ती बाहेर आली. ऊन होतं, बाजारात स्ट्रॉबेऱ्या आल्या होत्या, माणसं कामाला चालली होती आणि कुणीही तिच्याकडे पाहत नव्हतं. तिला वाटलं, रस्त्याच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं काहीतरी म्हणावं, ओरडावंसुद्धा. तिनं पद्माकरला फोन लावला. त्याच्या मागे मधल्या सुट्टीचा कल्ला होता. “काय झालं? अगं बोल ना, काय झालं?”

“शुक्रवारी नोकरी जातेय,” ती म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून तिला मध्येच थांबावं लागलं. “आपण कुठेच जात नाही.”